सरकून राहिला

कुणाच्याही घरी गेले की आमचे सर आधी दार लावून बघायचे. चहा नंतर, नमस्कार त्याहून नंतर. यजमान "या, या" म्हणत पंखा लावायला वळेपर्यंत यांनी दार लोटलेलं असायचं, कडी घातलेली, काढलेली, पुन्हा घातलेली. एकदा माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला आले. पाहुण्यांनी भरलेल्या हॉलचं दार त्यांनी तीनदा लावलं, तीनदा उघडलं, आणि मावशीला म्हणाले, "तुमच्या चौकटीचा डावा पाय खाली बसून राहिला. लक्ष ठेवा." मावशीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "कोण माणूस आणला वं तू हा? डोक्यावर परिणाम झाला का त्याच्या?"

परिणाम झालेला नव्हता. धंदाच तो होता. डोंगर सरकायला लागला की सगळ्यात आधी दाराला कळतं, असं सरांचं म्हणणं. चौकट कणभर तिरकी होते, कडी कोयंड्यात बसत नाही. घरचे म्हणतात लाकूड फुगलं. सुतार येतो, रंधा मारून जातो, महिन्याभरानं पुन्हा तेच. म्हणून कुठल्याही डोंगराखालच्या गावात गेलो की सर सरपंचाच्या आधी सुताराकडे जायचे. "कोणाकोणाचं दार रंधलं ते सुतार सांगते," ते म्हणायचे. "आपल्या मशिनीच्या आधी त्याले माहीत असते."

आमचं ऑफिस रामदासपेठेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली लोक रक्त तपासायला द्यायचे, वर आम्ही जमीन तपासायचो. जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते सांगायचं, हे आमचं काम. धरणाचा पाया, बोगदा, रस्ता, आणि दरड कोसळायची भीती असलेले उतार. मालक वेगळे होते, पण ऑफिस चालायचं ते सरांच्या नावावर. सह्याद्रीतले लोक थेट नागपूरहून माणूस बोलवायचे, आणि आल्यावर हमखास विचारायचे, "तुमच्या नागपुरात डोंगर आहेत का हो?" सर म्हणायचे, "नाही ना! म्हणून तर तिथे झोप लागते."

त्यांच्या वस्तूंना त्यांची नावं होती. जमिनीत रोवायच्या छोट्या यंत्रांना ते 'कान' म्हणत. चोवीस कान उतारावर एका ओळीत लावायचे, एका टोकाला लोखंडी पाट ठेवायचा आणि त्यावर घणाचा घाव घालायचा. घावाचा हादरा जमिनीतून किती वेळात कुठल्या कानापर्यंत पोचतो, त्यावरून खाली खडक किती खोल आहे ते कळतं. तो पाट त्यांनी हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून करून घेतला होता. घाव ते दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. साठीचा माणूस, अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, आणि प्रत्येक घावाआधी डोंगराकडे बघून म्हणायचे, "बोल."

दुसरी पद्धत विजेची. उतारावर लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि बॅटरीची वीज जमिनीत सोडायची. कोरड्या दगडातून वीज सहजासहजी जात नाही, ओल्या मातीतून सुळकन जाते. त्याचं कॉम्प्युटरवर रंगीत चित्र निघतं, कोरडं ते तांबडं आणि ओलं ते निळं. खुंटीला जमीन नीट धरावी म्हणून बुंध्याशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. सरांच्या बॅगेत कपडे कमी आणि मिठाच्या पिशव्या जास्त. स्वतः मात्र रक्तदाबामुळे अळणी जेवायचे. कुणी वाढताना विचारलं की डोंगराकडे बोट दाखवायचे. "माया वाट्याचं त्यानं खाल्लं."

आणि एक नियम होता, तो त्यांनी जन्मभर पाळला. डोंगरावर असताना निकाल सांगायचा नाही. लोक विचारायचे, हातापाया पडायचे. सर फक्त म्हणायचे, "कागदावर सांगतो." कारण विचारलं तर एकदा चिडून म्हणाले, "तोंडी सांगितलेलं माणूस आपल्या सोयीनं ऐकते. कागद सगळ्यांले एकच दिसते."

एकच दिसते! सर, कुठून आणलं होतं तुम्ही हे वाक्य?

तर कागद. आमचा खरा रिपोर्ट इंग्रजीत असायचा, शंभर-दीडशे पानांचा, चित्रांसकट. तो मागणारे लोक कपाटात ठेवायचे. सर त्याला आपल्या मनानं एक पान मराठीतलं जोडायचे. ते कुणी मागितलेलं नसायचं. त्याला ते 'टिपण' म्हणत आणि ते गावच्या पंचायतीत लावलं गेलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट असे. ज्याच्या घराखालची जमीन आहे त्याला ती काय म्हणते ते कळलं पाहिजे, एवढं साधं. मालकांनी कटकट करून एक अट घातली होती. टिपणात काय दिसलं तेवढंच लिहायचं, काय करावं ते लिहायचं नाही. गाव हलवायचं की नाही ते सरकार ठरवेल, आपण त्यात पडायचं नाही. सर दोन दिवस धुसफुसले आणि कबूल झाले.

ते टिपण टाइप करायचं काम माझं. मी भूशास्त्र शिकलेली, नागपूरचीच, पण एम.एस्सी.ची दोन वर्षं पुण्यात काढलेली. या दोन वर्षांनी माझी बोली पार धुऊन काढली होती. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एका मुलीनं हाक मारली तेव्हा मी म्हणाले, "थांब, मी जेवून राहिले." सगळं टेबल हसलं. "जेवून कुठे राहिलीस गं? हॉस्टेलवर की मेसमध्येच?" पुढे ते वर्षभर चाललं. मी आले की कुणीतरी म्हणायचंच, "काय, आज कुठे राहिलात जेवून?" मी हसायचे आणि खोलीवर जाऊन आरशासमोर घोकायचे. जेवते आहे. येते आहे. करते आहे. आपण नागपूरकर 'करून राहिलो' म्हणतो तेव्हा काम चालू असतं. तिकडच्या कानाला ते संपलेलं वाटतं, करून झालं आणि मग माणूस तिथे राहिला. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. हसून हसून शिकवलं होतं. म्हणून विसरणं शक्य नव्हतं.

सरांचं मात्र उलट. त्यांना शुद्ध मराठीची ॲलर्जी होती. 'सदर', 'तथापि', 'अनुषंगाने' हे शब्द दिसले की लाल पेन बाहेर. ते जगात कुठेही गेले तरी 'मले-तुले'च बोलायचे, 'हो'ला 'हाव'च म्हणायचे. मंत्रालयातल्या मीटिंगमध्येसुद्धा साहेबाला म्हणाले होते, "तुमाले समजून नाही राहिलं." मी टिपण टाइप करताना गुपचूप भाषा सुधारायचे आणि ते गुपचूप पुन्हा बिघडवायचे. हा आमचा खेळच होता. एखादं वाक्य माझंच ठेवलं तर त्यापुढे मास्तरासारखी लाल बरोबरची खूण करायचे. मला ती खूण आवडायची. कुठे बोलले नाही कधी.

ती वाडी घाटात होती. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास आम्ही पहिल्यांदा गेलो. सुतारानं पाच घरं सांगितली. त्यातलं शेवटचं, सगळ्यात वरचं, एका म्हातारीचं. एकटी राहायची. सरांनी सवयीनं दार लावायला घेतलं तर ती आतूनच म्हणाली, "लागायचं न्हाई ते. दोनदा रंधलंय यंदा. दगड लावते मी रातचा." सर एकदम खूश. मग रोज दुपारी भाकरी तिच्याकडे. ती अळणी पिठलं वेगळं करायची त्यांच्यासाठी.

तिची मुलगी खाली रस्त्यालगतच्या गावात दिलेली. ती आईला सारखी म्हणायची, पावसाच्या आधी माझ्याकडे चल. म्हातारी जायला तयार नव्हती आणि नाही असंही म्हणत नव्हती. चार कोंबड्या होत्या, तीन वाफे नाचणी होती, आणि जावयाच्या घरी राहायचं मनाला येत नव्हतं. सरांना विचारायची, "काय म्हंतोय डोंगर?"

"कागदावर सांगतो, आजी."

"मला वाचता येत न्हाई. पर लेक वाचंल. मला कळंल असं लिवा म्हंजी झालं. तुमचं बोलणं ऐकाया गोड लागतंय, निम्मं कळत न्हाई."

सर हसले. मीही हसले. "तुमाले कळन असंच लिहितो," ते म्हणाले.

"मग ठरलं," म्हातारी मुलीला म्हणाली. "कागुद आला की ठरवू. डोंगर सरकत आसंल तर येते तुज्याकडं, न्हाई तर मला बोलवायचं न्हाई." मुलीनं आमच्यासमोर तिच्याकडून शब्द घेतला.

उतारावर आडव्या सरळ रेषेत आम्ही खुंट्या ठोकून आलो होतो, दोरी धरून, अगदी सूत. फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा सरांनी पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत पुन्हा दोरी ताणली. मधल्या सात-आठ खुंट्या दोरीच्या खाली आल्या होत्या. बोटभर नाही, चांगल्या वीतभर. पावसाचा थेंब नसताना. सर दोरी धरून तसेच उकिडवे बसले. संध्याकाळी चित्र निघालं त्यात म्हातारीच्या घराखालून निळा पट्टा गेलेला होता, वरून खालपर्यंत, आणि त्याच्याखाली गुळगुळीत तांबडा खडक. मी म्हटलं, "सर, हे तर..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर ओट्यावर म्हातारी बसली होती. "कागदावर," ते म्हणाले.

नागपूरला आलो. मार्च होता, ऑफिसात कूलर नुकताच लावलेला, खसाचा वास. मी टिपण टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मधलं वाक्य असं होतं: 'वाडीच्या वरचा उतार सद्यस्थितीत सरकत आहे.' तासाभरानं कागद परत आला. वाक्य लाल पेनानं आडवं खोडलेलं आणि वर त्यांच्या गोल अक्षरात: 'वाडीच्या वरचा डोंगर सरकून राहिला.'

मी वाचलं आणि मला मेस आठवली. अगदी त्या क्षणी आठवली. मी पेन्सिल घेतली आणि समासात बारीक लिहिलं, 'तिकडे हे थांबला असं वाचतील. सरकतो आहे?' सरांना दाखवायला म्हणून उठले.

तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. टिपणात आणखी एका ठिकाणी मी 'तथापि' टाकला होता आणि तो त्यांना आत्ता आठवला होता. त्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलेलं होतं. मालकांशी वाजलं होतं वाटतं, काय करावं ते लिहू द्या म्हणून. राग निघाला माझ्यावर. सगळ्या ऑफिससमोर. मालक, अकाउंटवाल्या ताई, ड्रायव्हर, खालच्या लॅबमधून स्टेपलर मागायला आलेली बाई, सगळे होते.

"हे त्या म्हातारीले वाचून दाखवणार आहे, तुया पुण्याच्या मॅडमले नाही! दोन वर्षं पुण्याले काय राहून आली, आता आपल्या मायच्या भाषेची लाज वाटून राहिली का तुले?"

लाज वाटायची, हेच तर खरं होतं. म्हणून ते इतकं झोंबलं. माझी आई फोनवर मोठ्यानं बोलायला लागली की मी हॉस्टेलच्या गच्चीवर जायचे. हे सरांना मीच कधीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते असं चारचौघांत काढलं. माझे कान तापले.  टेबलाशी आले, खोडरबर घेतलं आणि समासातली पेन्सिल घासून घासून पुसली. मनात म्हटलं, घ्या! तुमचंच घ्या! मोठे आले मायच्या भाषेचे. 'डोंगर सरकून राहिला.' पूर्णविराम. 'तथापि'सुद्धा काढला. संध्याकाळी कुरिअर गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या टेबलावर तर्री-पोह्यांची पुडी आणून ठेवली. माफी मागायची त्यांची तीच रीत होती. मी खाल्ले पोहे. माझा राग गेला होता. सांगता आलं असतं. सुधारलेला कागद दुसऱ्या कुरिअरनं गेला असता. पण आता कुठे पुन्हा तो विषय काढा, इंग्रजी रिपोर्टात सगळं लिहिलंच आहे की, तिथले शहाणे वाचतीलच, असं मी मनाला सांगितलं. मार्च गेला, एप्रिल गेला. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

जुलैत बातमी आली. टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो डोंगर, मधोमध खरवडलेला, आणि मला खुर्चीवरूनच ओळखू आली ती जागा. सर उभे होते. "असं कसं?" ते म्हणाले. "आपण तर लिहिलं होतं. वाडी हलवली नाही काहून त्यांनी?" ते ओरडतच होते. तालुक्याला फोन लावत होते, लागत नव्हता. "कपाटात टाकला असन रिपोर्ट! पण टिपण? टिपण तर लावलं होतं ना पंचायतीत? ते तर वाचलं असन ना कोणी?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला कळलं होतं. इतक्या लांबून, त्या खोलीत, मला एकटीला कळलं होतं की टिपण वाचलं गेलं.

आम्ही गेलो. खाली रस्त्यालगतच्या शाळेत लोकांना ठेवलं होतं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा दाराला हात न लावता उंबरा ओलांडला. म्हातारीची मुलगी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. सर तिच्यासमोर खाली बसले.

"ओळखलं का मले?"

"वळखलं की. कागुदवालं सायेब."

"आजी?"

तिनं नुसती मान हलवली.  मग सांगायला लागली, रडत नव्हती, हिशेब समजावून सांगावा तशी सांगत होती. "म्या दोनदा आले व्हते न्यायाला. आई म्हनली कागुद येऊ दे. कागुद आला. म्याच वाचून दावला तिला. वाडीच्या वरचा डोंगर सरकून राहिला. आई म्हनली, बग, सरकायचा त्यो सरकला आन राहिला आता. मंग म्या बी आग्रह केला न्हाई. कागदात डोंगर राहिला, म्हनून आई बी राहिली."

"राहिला?" सर म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "राहिला म्हणजे?"

"राहिला म्हंजी थांबला की."

बाजूला तालुक्याचा एक माणूस उभा होता. तो म्हणाला, "आमच्या बैठकीच्या नोंदीतही तसंच आहे, साहेब. उतार सरकून स्थिर राहिला, असं तज्ज्ञांचं मत. म्हणून तर हलवायचं पुढं ढकललं." तो खोटं बोलत नव्हता. टाळाटाळही करत नव्हता. त्याला वाचताना जे कळलं ते त्यानं लिहिलं होतं.

सर म्हणाले, "नाही वं बाई, राहिला म्हणजे..." आणि थांबले. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग ते माझ्याकडे वळले. मी शाळेच्या फरशीकडे बघत होते.

परतीच्या प्रवासात मनमाडला गाडी थांबली. तिथे मी चहा आणला आणि विचारलं, "सर, घेऊन राहिले ना?" त्यांनी कप हातात धरला. सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाले, "हो. मी चहा घेत आहे."



त्या दिवसापासून सर तसेच बोलायला लागले. कायमचे. ऑफिसात, घरी, रस्त्यात. नागपूरजवळ बेसाला त्यांच्या फ्लॅटखाली भाजीवाला बसतो, त्याला विचारायचे, "कोथिंबीर कशी देत आहात?" तो हसायचा. त्याला वाटायचं साहेब गंमत करून राहिले. सरांच्या बायकोचा, काकूंचा, मला फोन यायचा. "हे असे काहून बोलून राहिले वं? घरात वाटते कोणी बातम्या वाचून राहिलं. माया अंगावर ओरडतपण नाही आता. ओरडले तरी चालते, म्हणावं." चौतीस वर्षं ज्या माणसाशी भांडल्या त्याच्याशी त्यांना भांडताच येईना. मलाही ते 'अहो-जाहो' करू लागले. वं गेलं, तू गेलं. "आपण बसा." "आपण पाणी घ्या." मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, मले तरी तू म्हणा ना." ते म्हणाले, "चूक होण्याची शक्यता राहते."

दिवाळीआधी त्यांनी काम सोडलं. पाट आणि घण घेऊन गेले, आणि त्या वाडीची फाइल मागून घेतली. मालकांनी दिली. दारं बघायचंही त्यांनी सोडलं. बेसाची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते. त्यांच्या स्वतःच्याच फ्लॅटचं दार अडकायला लागलं. काकू खांद्यानं ढकलून लावायच्या आणि सर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असायचे. मूत्रपिंडं बिघडली होती. डॉक्टर म्हणाले मीठ अजिबात नको.  जुने सर असते तर डोंगराचं नाव घेतलं असतं.

मी रविवारी जायचे. काकू म्हणायच्या, तू येते तर बरं वाटते त्याईले. मला माहीत होतं मी कशाला जाते. दर रविवारी बसमध्ये ठरवायचे, आज सांगायचं. सर, मला माहीत होतं. मी लिहिलं होतं आणि पुसलं. दर रविवारी काकूंच्या हातचा चहा पिऊन परत यायचे.

दोन वर्षं अशी गेली. गेल्या मे महिन्यात एका दुपारी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. कूलरचा आवाज तेवढा. सर पलंगावर, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली. आणि ते बोलले. आवाज पूर्वीचा.

"तुले माहीत होतं का वं?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"काय, सर?"

"तिकडे राहिला म्हणजे थांबला होते ते. तू तर पुण्याले होती. तुले माहीत होतं का?"

दोन वर्षांनी ते मला तू म्हणाले होते. डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. मी तोंड उघडलं. तयार होतं सगळं, किती रविवार घोकलेलं. आणि मी म्हणाले, "नाही, सर."

 मग त्यांनी मान वळवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आपण आता निघा. ऊन वाढत आहे."

बाहेर पडताना दार लागेना. मी दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा जोर लावून ओढलं. आतून काही आवाज आला नाही. पंधरा दिवसांनी सर गेले.

तेरवीनंतर काकूंनी मला एक पिशवी दिली. "तुयीच हाय म्हणे. त्याईनं सांगून ठेवलं होतं." घरी येऊन उघडली. त्या वाडीची फाइल. वरच तो कागद होता, माझं टाइप केलेलं पहिलं टिपण. माझं वाक्य, त्यावरची लाल रेघ, वर त्यांचं वाक्य. आणि समासात, जिथे मी खोडरबर घासून घासून कागद खरबरीत केला होता, तिथे त्या कोऱ्या जागेभोवती लाल पेनानं एक गोल काढलेला.

मी कागद खिडकीशी नेला आणि तिरका धरला. पेन्सिल पुसता येते, तिचा दाब कागदात राहतो. 'तिकडे हे थांबला असं वाचतील.' एकेक अक्षर वाचता येत होतं. ज्या माणसानं आयुष्यभर न खणता जमिनीच्या पोटातलं वाचलं, त्याला हे काय अवघड होतं! कधी वाचलं असेल? फाइल घरी नेली त्याच आठवड्यात वाचलं असेल. म्हणजे दोन वर्षं, दर रविवारी, मी समोर बसून चहा पीत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. ते वाट बघत होते. शेवटी थकून त्यांनीच विचारलं, माझ्यासाठी सोपं व्हावं म्हणून आपल्या बोलीत विचारलं.

गोलाच्या शेजारी, त्यांच्या सवयीनं, बरोबरची लाल खूण होती.

मला नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द.